संघटना सरकारनं मोडल्या, पण सरकारला मध्ये कोणी बोलावलं? सोव्हिएत कलाजगत, 1917 ते 1932

धागाकर्ता: जलरंगी

23 एप्रिल 1932 रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीनं एक छोटासा ठराव केला आणि साहित्य-कला क्षेत्रातल्या सगळ्या संघटनांचा निकाल लागला. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: क्रांतीनंतर दहा-बारा वर्षं कलाकार मोकळे होते, मग स्टालिननं सगळं बंद पाडलं. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. या काळाबद्दल जितकं वाचावं तितकं मला एक दिसत जातं. 1932 च्या आधीची पंधरा वर्षं जवळजवळ प्रत्येक संघटना सरकारच्या दारात उभी राहून सांगत होती की आम्हीच खरे क्रांतीचे कलाकार, बाकीच्यांना थारा देऊ नका. शेवटी सरकारनं कोणालाच वेगळं ठेवलं नाही. म्हणून हा धागा. जरा सविस्तर लिहितो, भर घालावी ही विनंती.

क्रांतीनंतर शिक्षण आणि संस्कृतीचं खातं, म्हणजे नार्कोमप्रॉस, अनातोली लुनाचार्स्की यांच्याकडे आलं आणि 1929 पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. स्वतः नाटककार, समीक्षक, प्रचंड वाचलेला माणूस. त्यांनी हाक दिली तेव्हा नाव कमावलेले जुने कलाकार फारसे पुढे आले नाहीत, कारण हे नवं सरकार टिकेल याचीच कोणाला खात्री नव्हती. आले ते तरुण प्रयोगवाले, ज्यांना तेव्हा सरसकट 'भविष्यवादी' म्हणत. चित्रकला विभागाचं प्रमुखपद दाविद श्तेरेनबेर्गकडे आणि मॉस्कोची बाजू तात्लिनकडे. कालपर्यंत ज्यांची चित्रं कोणी विकत घेत नव्हतं त्यांच्या हातात एकदम सरकारी खरेदी आली. पुढच्या तीनेक वर्षांत या विभागानं 415 कलाकारांची 1,926 कामं खरेदी केली आणि त्यातली बरीचशी प्रांतोप्रांतीच्या संग्रहालयांकडे रवाना केली. मालेविच, कांदिन्स्की, रोदचेन्को यांची चित्रं रशियातल्या लहान शहरांत आजही बघायला मिळतात ती त्यामुळे. यादवी युद्ध चालू, शहरांत पाव मिळायची मारामार, आणि अशा दिवसांत एक सरकार अमूर्त चित्रं घेऊन गावोगाव पाठवतंय. हे काम मला मनापासून थोर वाटतं.

घोळही तिथेच सुरू झाला. या मंडळींनी पेत्रोग्रादमधून डिसेंबर 1918 ला 'इस्कुस्त्वो कोम्मुनी' नावाचं वृत्तपत्र काढलं. नार्कोमप्रॉसचं म्हणजे सरकारी वृत्तपत्र. मायाकोव्स्कीच्या कविता, ओसिप ब्रिक आणि निकोलाय पुनिन यांचे लेख. सूर असा की जुनी कला मोडीत काढा, आणि नवी म्हणजे आमची. लुनाचार्स्कींना त्याच वृत्तपत्रात उत्तर द्यावं लागलं. त्यांना दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक, भूतकाळाबद्दलची ही तोडफोडीची भाषा. दुसरी जास्त महत्त्वाची: एका विशिष्ट पंथाचे लोक बोलतात स्वतःच्या वतीनं, पण आव आणतात सत्तेच्या वतीनं बोलल्याचा. लक्षात घ्या, हे 1918 सालचं आहे. पुढे चौदा वर्षं संघटना बदलत राहिल्या, हा आव तसाच राहिला. एप्रिल 1919 पर्यंत 19 अंक निघाले आणि ते वृत्तपत्र थांबलं.

दुसरीकडे प्रोलेतकुल्त. ही संघटना क्रांतीच्या ऐन तोंडावर पेत्रोग्रादमध्ये उभी राहिली. तिच्यामागचा विचार अलेक्सांद्र बोग्दानोव यांचा: कामगारवर्गानं आपली संस्कृती स्वतः घडवायची, आणि पक्ष व कामगार संघटना यांच्या बरोबरीनं ही तिसरी, स्वायत्त चळवळ असेल. 1920 मध्ये प्रोलेतकुल्त चार लाख सभासदांचा दावा करत होती. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेला आयझेनस्टाइन पहिल्यांदा रंगभूमीवर हात साफ करू लागला तो यांच्याच नाट्यशाळेत. लेनिनला हे 'स्वायत्त' प्रकरण अजिबात पटणारं नव्हतं. बोग्दानोवशी त्याचं जुनं वैरही होतं. 1 डिसेंबर 1920 ला 'प्राव्दा' या पक्षाच्या वृत्तपत्रात केंद्रीय समितीचं पत्र छापून आलं आणि प्रोलेतकुल्त नार्कोमप्रॉसच्या हाताखाली गेली. मोठी म्हणावी अशी ही पहिली कारवाई, आणि ती लेनिनच्या हयातीतली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं स्टालिनच्या खात्यावर मांडायची आपल्याला सवय आहे.

लेनिनच्या आवडीनिवडीबद्दल एक छोटी गोष्ट. मायाकोव्स्कीचं 'पंधरा कोटी' हे काव्य 5,000 प्रतींत छापायचं ठरलं. 6 मे 1921 ला लेनिननं लुनाचार्स्कींना चिठ्ठी लिहिली की याला मत देताना लाज नाही वाटली? असलं काही 1,500 च्या वर छापू नये, तेही ग्रंथालयांसाठी आणि विक्षिप्त लोकांसाठी. बंदी घाला असं तो म्हणत नाही. कागद किती द्यायचा एवढंच तो बोलतो. त्या वर्षांतलं धोरण बघायचं तर घोषणांइतकाच हा हिशोब बघावा लागतो: कागद, शिधा, स्टुडिओची जागा, खरेदी.

1921 मध्ये नवं आर्थिक धोरण (खाजगी व्यापाराला मर्यादित मुभा देणारं) आलं आणि सरकारी पैसा आटला. सप्टेंबरात मॉस्कोत '5×5=25' नावाचं प्रदर्शन भरलं. पाच कलाकार, प्रत्येकाची पाच कामं. त्यात रोदचेन्कोनं तीन कॅनव्हास टांगले: एक अख्खा लाल, एक अख्खा पिवळा, एक अख्खा निळा. त्याच्या मते चित्रकला इथे संपली, आता कारखान्यासाठी वस्तू घडवायच्या. पुढे स्तेपानोवा आणि पोपोवा कापडगिरणीसाठी नक्षी काढायला गेल्या, त्या याच विचारानं.

चित्रकला संपली हे सगळ्यांना मान्य नव्हतं. पुढच्याच वर्षी 'क्रांतिकारक रशियाच्या कलाकारांची संघटना' स्थापन झाली, रशियन आद्याक्षरांनी 'आख्र'. ही मंडळी वास्तववादी. जुन्या 'पेरेद्विझ्निकी' (फिरती प्रदर्शनं भरवणारे वास्तववादी चित्रकार) परंपरेच्या 47 व्या प्रदर्शनानंतर पावेल रादिमोव, येवगेनी कात्समान वगैरेंनी ती उभी केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इतका मोठा क्षण आपण जगतोय, त्याची नोंद ठेवणं हे आपलं नागरिक म्हणून कर्तव्य आहे. मग ते स्केचबुकं घेऊन मॉस्कोतल्या एका ओतशाळेत गेले आणि भट्टीपुढे काम करणारे कामगार बसून रेखाटले. हे दृश्य मला महत्त्वाचं वाटतं. सामान्य प्रेक्षकाला यात स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि ती भूक खोटी नव्हती. पण त्याबरोबर त्यांनी अचूक ओळखलं की आता गिऱ्हाईक कोण आहे. लाल सैन्य. 1923 ला सैन्याच्या पाच वर्षांचं प्रदर्शन, 1928 ला दहा वर्षांचं. वोरोशिलोवसारखा सेनानी पाठीशी उभा. तोवर देशभर शाखा असलेली ही सगळ्यात मोठी कलाकारसंघटना झाली होती.

बाकीच्यांचं थोडक्यात. 1925 ला 'ओस्त': देइनेका, पिमेनोव, लाबास, अध्यक्ष पुन्हा श्तेरेनबेर्ग. विषय नवे (यंत्रं, खेळ, शहर), आणि मांडणीही नवी. 'चार कला' या गटात पेत्रोव-वोदकिन, फावोर्स्की. साहित्यात मायाकोव्स्कीचा 'लेफ'. 1928 ला 'ऑक्टोबर' गट: क्लुत्सिस, रोदचेन्को, आयझेनस्टाइन, शिवाय त्या वेळी मॉस्कोत आलेला मेक्सिकोचा दिएगो रिवेरासुद्धा.

18 जून 1925 ला पक्षानं साहित्याबद्दल एक ठराव केला, तो आज वाचला तर आश्चर्य वाटतं. निरनिराळ्या गटांत मोकळी स्पर्धा असू द्या, कोणा एका गटाला पक्षाच्या वतीनं मक्ता मिळणार नाही, असा त्याचा आशय. पक्ष स्वतः म्हणतोय की आम्ही निवाडा करणार नाही! त्यावर संघटनांनी मोकळा श्वास घ्यावा की नाही? नाही. त्या निवाडा मागतच राहिल्या. कामगार लेखकांची 'राप्प' लेओपोल्द आवेर्बाखच्या हाताखाली 1928 नंतर इतकी बळावली की तिच्या टीकेनं लेखकांची छपाई बंद व्हायची. फेब्रुवारी 1930 मध्ये मायाकोव्स्की लेफवाल्या मित्रांना सोडून राप्पमध्ये गेला. 14 एप्रिलला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. दोन्ही घटनांमध्ये सरळ कार्यकारण लावू नये, पण त्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याच्याभोवती कोणी उरलं नव्हतं.

चित्रकलेत 1931 ला आख्रच्याच तरुणांमधून 'राप्ख' निघाली. तिनं कलाकारांची वर्गवारी सुरू केली: हा कामगारवर्गाचा, हा नुसता सहप्रवासी, हा शत्रू. म्हणून 1932 चा ठराव आला तेव्हा पुष्कळांना सुटका झाल्यासारखं वाटलं. ठरावात लिहिलं होतं की या संघटनांची चौकट आता अरुंद झाली आहे आणि त्यांचे कंपू बनत आहेत. तक्रार खरी होती, आणि त्यामुळेच तो ठराव इतका सहज पचला.

शाईची_दौत

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न: हे लोक पोटापाण्यासाठी करत काय होते? खाजगी खरेदीदार कोणी उरलाच नव्हता का?

जलरंगी

दौतताई, अगदी मुळाचा प्रश्न. क्रांतीपूर्वी मॉस्कोत श्चुकिन, मोरोझोव असे व्यापारी होते, मातिस आणि पिकासो थेट पॅरिसहून आणणारे. त्यांचे संग्रह 1918 ला सरकारजमा झाले. यादवी युद्धाच्या काळात विद्वान आणि कलाकारांना खास शिधा मिळे. गॉर्कीनं पेत्रोग्रादमध्ये त्यासाठी खूप खटपट केली. 1921 नंतर थोडे नवश्रीमंत खरेदीदार आले, पण ते पुरेसे नव्हते. दशकाच्या अखेरीस 'व्सेकोखुदोझ्निक' ही कलाकारांची सहकारी संस्था आली. कलाकाराशी करार व्हायचा, आगाऊ पैसे मिळायचे, बदल्यात ठरलेल्या मुदतीत ठरलेली चित्रं द्यायची. उपाशी चित्रकाराला हा केवढा आधार असेल! पण करार होताना विषय ठरायचा, आणि चित्र पसंत करायला समिती बसायची. 'समाजवादी वास्तववाद' (पुढची अधिकृत सरकारी कलाशैली) हे नाव रूढ व्हायच्या आधीच ही व्यवस्था हळूहळू बसत गेली होती. 1932 नंतरच्या कलाकारसंघाचं खरं बळ मला यातच दिसतं. सभासद असाल तर रंग, स्टुडिओ, काम. नसाल तर काहीच नाही.

खारघरचा_वाचक

लेख माहितीपूर्ण आहे, पण रोख मला साफ अमान्य आहे. संघटना एकमेकींशी भांडल्या, हो. कलाकार जगभर भांडतात. पॅरिसमध्ये काय कमी भांडणं झाली? तिथे कोणाची संस्था पोलिसांनी बंद केली नाही. लेनिनग्राडमध्ये मालेविचच्या संचालकपदाखाली संशोधनसंस्था चालायची. जून 1926 मध्ये स्थानिक वृत्तपत्रात लेख आला, की हा सरकारी खर्चानं चाललेला मठ आहे. वर्षअखेर संस्था संपली. 1930 ला मालेविचला अटक झाली. क्लुत्सिस आणि द्रेविन यांना 1938 मध्ये गोळ्या घातल्या. पुनिन 1953 ला छावणीत मेला. आणि तुम्ही म्हणता सरकारला कलाकारांनी बोलावलं? बंदूक ज्याच्या हातात होती त्याचं नाव आधी घ्या.

युक्रेनचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. मिखाइलो बोइचुक आणि त्याचे शिष्य भित्तिचित्रं काढायचे, बायझंटाइन चित्रपद्धती आणि लोककला एकत्र आणून. 1925 ला कीव्हमध्ये 'आर्मू' ही संघटना झाली, ती बहुतांशी यांचीच. ओदेसाजवळच्या शेतकऱ्यांच्या आरोग्यधामात 1928 च्या सुमाराला त्यांनी भिंती रंगवल्या, त्यात शेतकरीच होते. 13 जुलै 1937 ला बोइचुक, सेदल्यार आणि पादाल्का या तिघांना एकाच दिवशी ठार मारलं. बोइचुकची बायको सोफिया, स्वतः चांगली काष्ठठसे-कलाकार, तिला डिसेंबरात. मग भिंतींवरची चित्रं खरवडली किंवा चुना मारून पुसली. इतक्या निगुतीनं पुसली की आज त्यांच्या मोठ्या कामांपैकी जवळजवळ काहीच उरलेलं नाही, फोटोंवर समाधान मानावं लागतं.

जलरंगी

खारघरकर, बोइचुकबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. बंदुकीबद्दल वाद नाही. मारणारं सरकार होतं, ठराव करणाराही पक्षच होता. माझं म्हणणं 1932 पर्यंतच्या काळापुरतं आहे. तुमचंच उदाहरण घेऊ. आर्मूच्या समोर युक्रेनमध्ये आख्रच्या धर्तीची दुसरी संघटना होती, आणि 'हे लोक संतांच्या तसबिरी रंगवतात, हे राष्ट्रवादी आहेत' ही भाषा आधी कलेच्या वादातूनच फिरत होती. पुढे आरोपपत्रात राष्ट्रवाद हाच शब्द आला. टीका करणाऱ्यांना 1937 दिसत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण विरोधकाच्या शैलीला राजकीय गुन्हा ठरवायची रीत त्यांनीच घालून दिली.

क्लुत्सिस आणि द्रेविन यांच्याबाबत मात्र एक नोंद हवी. दोघेही लाटव्हियन, आणि त्या वेळी लाटव्हियनांविरुद्ध जी सरसकट मोहीम चालली तिच्यात ते एकाच दिवशी मारले गेले. क्लुत्सिस तर क्रांतीच्या वेळी लेनिनच्या रक्षणाला असलेल्या लाटव्हियन बंदूकधाऱ्यांपैकी होता, आणि पंचवार्षिक योजनेची उत्तमोत्तम पोस्टरं त्यानं केली होती. त्याचा मृत्यू कलाधोरणातून आला असं म्हणता येत नाही.

सूरपेटी

संगीतातही हुबेहूब हेच. एका बाजूला 1924 ची समकालीन संगीताची संघटना, मोसोलोव, रोस्लावेत्स असे नव्या वाटेचे रचनाकार. दुसऱ्या बाजूला कामगार संगीतकारांची 'राप्म', जिला जॅझही नको होता आणि करमणुकीची गाणीही. राप्मचा जोर असताना मॉस्कोच्या कॉन्झर्वेटरीचं नाव बदलून फेलिक्स कोन या पक्षनेत्याचं नाव दिलं गेलं होतं. 1932 नंतर जुनं नाव परत आलं. त्यामुळे संगीतकारांना राप्म गेल्याचा आनंद झाला यात नवल नाही.

याच काळातलं 'पेर्सिम्फान्स' मला अतिशय प्रिय आहे. 1922 ला मॉस्कोत सुरू झालेला वाद्यवृंद, संचालकाशिवाय. वादक वर्तुळात बसत, एकमेकांकडे बघत, आणि कुठे हळू, कुठे जलद हे सगळे मिळून तालमीत ठरवत. प्रोकोफिएवनं 1927 ला त्यांच्याबरोबर वाजवलं. मंडळी अव्वल होती, हौशी नव्हे. 1932 मध्ये तेही बंद झालं. पंगतीत सगळ्यांनी एकदम वाढायचं ठरवलं तर काय होतं हे आपण जाणतो. यांनी ते दहा वर्षं जमवून दाखवलं.

बालवाचक

आपल्यापैकी पुष्कळ जण रशियन बालपुस्तकांच्या मराठी अनुवादांवर वाढले, म्हणून लिहितो. त्या चित्रांचं मूळ या वीसच्या दशकात आहे. लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर लेबेदेव चित्रं काढायचा आणि सामुइल मार्शाक कविता लिहायचा. मोकळं पांढरं पान, दोन-तीन सपाट रंग, सर्कशीतली माणसं, आइस्क्रीमवाला. संघटनांचे तंटे चालू असताना बालसाहित्याकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून प्रयोग करणाऱ्यांना तिथे आसरा मिळाला. 1 मार्च 1936 ला 'प्राव्दा'नं तेही गाठलं. 'रंग फासणारे चित्रकार' अशा अर्थाचा लेख, त्यात नाव घेऊन लेबेदेवला झोडपलं. त्यानंतरची त्याची चित्रं शेजारी ठेवून बघा. फर नीट केसन् केस रंगवलेली, सावल्या जागच्या जागी, आणि हात दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा. मला ते बघवत नाही.

शाईची_दौत

या सगळ्यात कोणी असाही होता का, जो कोणाच्याच दारात गेला नाही?

जलरंगी

फिलोनोव. लेनिनग्राडचा पावेल फिलोनोव. त्याची स्वतःची शिष्यशाळा होती, पण सत्तेचं शिफारसपत्र मागणारी ती संघटना नव्हती. तो स्वतः कट्टर कम्युनिस्ट विचारांचा. चित्रं विकायची नाहीत, सगळी एकत्र सरकारला द्यायची आणि त्यांचं संग्रहालय व्हावं, हा हट्ट. बारीक ब्रशनं कॅनव्हासच्या एका कोपऱ्यापासून सुरू करून कणाकणानं चित्र भरत न्यायचा. 1929 मध्ये रशियन म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन टांगून तयार झालं, सूचीही छापली. मग उद्घाटन अडलं. कामगारांना हे कळणार नाही असं म्हणून कामगारांच्याच तुकड्यांना दाखवायला आणलं, तर त्यातल्या कित्येकांनी उठून सांगितलं की प्रदर्शन उघडा. तरी ते उघडलं नाही, पुढे भिंतींवरून उतरवलं. डिसेंबर 1941 मध्ये, जर्मनांनी लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यात, तो उपासमारीनं गेला. चित्रं बहिणीनं सांभाळली आणि 1977 मध्ये रशियन म्युझियमला दिली.

खारघरचा_वाचक

हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. भांडला नाही, मागितलं नाही, तरी बंद.

जलरंगी

हो, हे तुमच्या बाजूनंच जातं. दारात न गेल्यानं तो वाचला नाही.

तरी 1932 नंतरची एक गोष्ट बघा. राप्प गेली, तिच्या आवेर्बाखला 1937 मध्ये गोळी घातली. पण 1936 मध्ये देशभरच्या कलांवर देखरेख करायला जी सरकारी समिती नेमली तिचा प्रमुख प्लातोन केर्झेन्त्सेव, प्रोलेतकुल्तचा जुना माणूस, कामगारांनी स्वतः रंगभूमी घडवावी असं लिहिणारा. संगीतकार शोस्ताकोविचला त्या वर्षी 'प्राव्दा'तून जी झोडपट्टी मिळाली तिच्यानंतर तो याच केर्झेन्त्सेवला भेटायला गेला होता. आख्रचेही पुष्कळ जण नव्या मॉस्को संघात मानाच्या जागांवर आले. ब्रोद्स्की 1934 ला लेनिनग्राडच्या अकादमीचा प्रमुख झाला. म्हणजे संघटना मोडल्या आणि त्यातली ठराविक माणसं उचलून सरकारात घेतली.

सूरपेटी

लेखकांचा संघ 1934 च्या अधिवेशनात रीतसर उभा राहिला, गॉर्की अध्यक्ष. चित्रकारांचं अधिवेशन कधी झालं?

जलरंगी

1932 ला मॉस्कोचा, लेनिनग्राडचा असे शहरवार संघ झाले. 1939 ला अखिल सोव्हिएत संघासाठी तयारी समिती नेमली. पहिलं अधिवेशन भरलं 1957 मध्ये, स्टालिन जाऊन चार वर्षं झाल्यावर. मधली पंचवीस वर्षं चित्रकारांना अखिल देशपातळीवर निवडून दिलेली कार्यकारिणीच नव्हती. समित्या होत्या, आणि कामं त्या वाटत होत्या.